निडीच्या डोंगरावरचं मोहोळ

मला मुळातच काळजी करायची सवय. शाळेच्या सहलीत बाकीचे शिक्षक मुलांबरोबर भेंड्या खेळायचे आणि मी बसच्या खिडकीबाहेर गेलेले हात आत घ्यायला सांगत फिरायची. त्यामुळे पेणला आमचा डोंगर राखणाऱ्यांचा गट जमला, तेव्हा लोकांना सुखरूप घरी आणायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

थंडी सरत आली की आम्ही निडीच्या डोंगरावर जाळपट्टा काढतो. म्हणजे वाळलेलं गवत रुंद पट्ट्यात कापून जमीन मोकळी करायची, की खालून आलेला वणवा लावलेल्या झाडांपर्यंत पोचत नाही. टेम्पोतून उतरलं की माझ्या सूचना सुरू. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, अत्तर-सेंट नको, दगड उचलताना आधी काठी लावून बघायची. लोक हसू दाबत ऐकायचे.

त्या वर्षी एक जोडपं नव्याने यायला लागलं होतं. ती हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायची. तो रोह्याला कंपनीत. शनिवारची रात्रपाळी संपवून तो परस्पर निडीला यायचा आणि ती आमच्याबरोबर पेणहून. "आमची भेट डोंगरावरच होते, मॅडम," ती म्हणायची. गवत कापताना दोघं अखंड बोलत असायची.

डोंगराच्या एका कड्याला आग्या मोहोळ लागलं होतं. आदल्या दिवशीच गावातल्या एका काकांबरोबर जाऊन मी ते पाहिलं होतं आणि काम पलीकडच्या उतारावर, बरंच लांब ठेवलं होतं. तरी त्या रविवारी सकाळपासून माझी नजर तिकडेच जात होती. माश्यांचा काळा थर मधूनच अंगावर शहारा आल्यासारखा हलायचा.

ऊन तापायला लागलं तसा तिचा नवरा पाण्याचा जार आणायला खाली टेम्पोकडे गेला. त्यानंतर थोड्याच वेळात कड्यापाशी मधुबाज आला. हा पक्षी मधमाश्यांची पोळी फोडून खातो. त्याने दोनदा झडप घातली, पोळ्याचा तुकडा पायात धरला आणि नेमका आमच्या डोक्यावरून निघून गेला. त्याच्यामागे माश्या आल्या. लांबून मोठं यंत्र सुरू व्हावं तसा आवाज होता.

"कोयते टाका! तोंड झाका आणि खाली पळा! हात झाडू नका!" मी ओरडले.

सगळे उताराला लागले. मी शेवटी निघाले. मानेवर, कानामागे चटके बसत होते. गवताच्या धुळीत पुढचं नीट दिसतही नव्हतं. रस्त्यावर पोचल्यावर एकेकाचा चेहरा बघत सुटले. कुणाचा ओठ सुजलेला, कुणी रडत होतं, पण चालते-बोलते होते सगळे. तेवढ्यात तो जार खाली ठेवून माझ्यासमोर आला.

"ती कुठाय?"

ती नव्हती.

तो तसाच वर निघाला. मी त्याचा हात धरला. वरच्या उतारावर माश्या अजून घोंघावत होत्या, इथवर ऐकू येत होत्या.

"सोडा मॅडम."

"नाही सोडणार. आत्ता गेलास तर आम्हाला दोघांना शोधावं लागेल."

"बायको हाय माझी! तुमचं कोण असतं तर थांबला असता?"

मी हात सोडला नाही. गावातले ते काकाही आमच्याबरोबर कामाला होते, त्यांनी त्याचा दुसरा दंड धरला. "ऐक रे. माश्या जरा बसू दे. फोन लाव तिला."

फोन वाजत राहिला. मग तिने उचलला. त्याने आवाज मोठा केला.

"मी करवंदीच्या जाळीत हाय," ती कुजबुजत होती. "पाय मुरगळला. ओढणी गुंडाळून पडलेय. डोळे उघडत नायत. तू येऊ नको, माश्या हायत अजून."

मी रुग्णवाहिकेला फोन केला. कुणीतरी जवळच्या घरातून गोधड्या आणायला धावलं. तो तिला बोलतं ठेवत होता. मध्येच ती म्हणाली, "वाल भिजत घातलेत, आईंना सांग मोड आणायला बांधून ठेवायला." आमच्यातल्या एकीला हुंदका आला. मी फक्त तिचा आवाज ऐकत होते. खूप माश्या चावल्या की घसा सुजतो, श्वास कोंडतो, हे मला ठाऊक होतं. आणि तिचा आवाज जड व्हायला लागला. शब्द अर्धवट यायला लागले. मग नुसतं "हं."

वर घोंघावणं कमी झालं होतं, पण थांबलं नव्हतं. अजून थांबावं तर तिचं काय होईल, आणि जावं तर याचं आणि काकांचं काय? मी त्याचा हात सोडला.

"चल. पण आधी हे अंगावर घे."

तो, काका आणि मी डोक्यावरून गोधड्या घेऊन, डोळ्यांपुरती फट ठेवून चढलो. पळायचं नाही असं मीच बजावलं होतं, आणि पाय पळायला बघत होते. करवंदीच्या जाळीतून आधी तिचा बूट दिसला. तो गुडघ्यावर बसला आणि तिचं नाव घेत राहिला. तिने त्याचं मनगट धरलं.

गोधडीच्या झोळीत घालून तिला खाली आणलं. ज्या घरातून गोधड्या आणल्या होत्या, तिथल्या आजी तिच्या कपाळावर ओला फडका ठेवत म्हणत होत्या, "घाबरू नको गो, आली बघ गाडी." तिच्या पापण्या सुजून टरारल्या होत्या. डोळे कुठे आहेत तेही कळत नव्हतं.

रोह्याच्या दवाखान्यात तिला इंजेक्शनं दिली, अंगातले काटे काढले. बाहेरच्या बाकावर तो माझ्यापासून लांब बसला होता. म्हणाला, "तुम्ही मागे वळून बघायला पायजे होतं." मी शेवटी होते, वळूनही बघितलं होतं. पण त्या धुळीत ती मला दिसली नव्हती. डॉक्टर बाहेर आले. जिवाचा धोका टळला होता. "डोळ्यांचं काय ते सूज उतरल्यावर बघू," ते म्हणाले.

सूज उतरेपर्यंतचे दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. वर्गात फळ्यावर गणित मांडायची आणि पुढची पायरी विसरायची. शेवटी पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बुबुळाला काही झालेलं नाही. तिनेच फोन केला होता. स्वयंपाकघरात होते, तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

पुढच्या थंडीत ती पुन्हा आली. "नको म्हणू नका, मॅडम," एवढंच म्हणाली. तोही आला. आता दोन गोधड्या आणि जाळीच्या टोप्या टेम्पोत कायम असतात, आणि कड्याला मोहोळ दिसलं की त्या बाजूचा डोंगर आम्ही सोडून देतो. गटातले काही जण परत आलेच नाहीत. त्यांना मी बोलावलंही नाही.

तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. मागच्या रविवारी काम आटोपल्यावर मात्र तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"त्या दिवशी तुम्ही मला धरून ठेवलंत," तो म्हणाला. "ते बरोबर होतं की नाय, मला अजून समजत नाय."

"मलाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि तो तिला हाक मारायला गेला. सगळे टेम्पोत बसेपर्यंत मी रस्त्यावरच उभी होते.