अक्काचा उंट

अक्कानं पाठवलेलं बुद्धिबळाचं कोडं मी कॉम्प्युटरवर तपासलंच नव्हतं. तपासलं आणि चुकीचं निघालं, असं मी तिला फोनवर सांगितलं, पण त्या वेळी लॅपटॉप कपाटात होता. हे आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही.

अक्का माझी थोरली बहीण, देगलूरला दिलेली. मी लातूरला गणिताच्या शिकवण्या घेतो. दिवसभर दुसऱ्यांच्या उत्तरांवर बरोबर-चूक करायचं आणि उरल्या वेळात बुद्धिबळाची कोडी रचायची, अशी पंधराएक वर्षं गेली. कोडं म्हणजे पटावर मोजके मोहरे मांडायचे आणि पांढऱ्यानं ठरावीक चालींत मात करायची. उत्तर एकच असलं पाहिजे. दुसरं निघालं की कोडं बाद.

त्यातही माझा नाद एकाच जातीच्या कोड्यांचा. प्यादं पटाच्या त्या टोकाला पोचलं की त्याचा वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी काहीही करता येतं. वजीर सगळ्यांत बळाचा, म्हणून जो तो वजीरच करतो. पण वजीर केला तर डाव हातचा जावा आणि काहीतरी लहान केलं तरच जिंकावा, अशी मांडणी मी शोधायचो. घोड्याची कोडी जमली, हत्तीची जमली, त्यातली काही एका लहानशा मासिकात छापूनही आली. उंट मात्र जमला नाही. उंटाची चाल वजिराला येतेच, मग वजीर सोडून उंट का घ्यावा? ते कारण पटावर उभं करायला मी वह्याच्या वह्या घालवल्या.

खेळ आम्हा दोघांना आबांनी शिकवला. आबा रेल्वेत होते, मुदखेडला. त्यांचा खेळ देशी. त्यात निवड नाही. प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच होतं. घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. मी नांदेडला कॉलेजात नवा नियम शिकून आलो तेव्हा आबा म्हणाले, "म्हणजे तुमच्यात सगळेच वजीर. मग ओझी कुणी वाहायची?" हा टोमणा त्यांनी पुढं शेवटपर्यंत मारला.

अक्का कॉलेजात गेली नाही. दहावीनंतर तिला थांबवलं. एकालाच बाहेर ठेवता येत होतं आणि तो एक मी होतो. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कधी कुणी बोललं नाही.

आबा खुब्याचं हाड मोडून माझ्याकडं अंथरुणाला खिळले, तेव्हा अक्का पंधरा दिवस लातूरला येऊन राहिली. एका दुपारी तिनं माझ्या वहीत डोकावलं.

"हे काय करून राहिलास भैय्या?"

मी सांगितलं. उंट जमत नाही तेही सांगितलं.

"उंटाच्या घरात गेल्यावर उंटच होणार की."

"आता तसं नसतं अक्का. तिथंही वजीर करता येतो."

"मग करू दे की वजीर. करून पस्तावला पाहिजे."

पलंगावरून आबा म्हणाले, "तिला काय शिकवतोस? तीच तुला शिकवंल."

चार महिन्यांनी तिच्याकडून पटाचा फोटो आला. पट तिरका, कोपऱ्यात तिचा अंगठा, हरवलेल्या काळ्या प्याद्याच्या जागी चिंचोका. मी दोन शिकवण्यांच्या मधे जिन्यात उभा होतो. तिथंच सोडवलं. पांढरं प्यादं उंटाच्या घराच्या एक पाऊल अलीकडं. वजीर केला की काळ्या राजाला शह नसतो, पण हलायला घरही राहत नाही, डाव बरोबरीत. हत्ती केला तरी तेच. घोडा केला तर तो वेळेवर राजापर्यंत पोचत नाही. उंट केला की एकच घर मोकळं राहतं, राजा नाइलाजानं तिथं जातो आणि पुढच्या चालीला मात.

मला पहिल्यांदा आनंद झाला, हे खरं आहे. जिना उतरेपर्यंत तो टिकला.

संध्याकाळी तिचा फोन आला. "बघितलास का? आबांच्या नियमानं बी उंट, तुझ्या नियमानं बी उंट. बरोबर असंल तर आबांच्या म्होरं पट मांड. म्हणावं, सगळेच वजीर होत न्हाईत."

"चुकलंय अक्का. वजीर केला तरी मात होते. दोन उत्तरं निघतात."

"आसं कसं? वजीर केल्यावर काळ्याला जायला घरच न्हाई की. मी लई येळा मांडून बघितलं."

"कॉम्प्युटर सांगतोय."

ती म्हणाली, "हाव का. मग माझ्याच नजरेतनं सुटलं असंल. आबांला बोलू नको, हसतील."

तिनं अजून वाद घातला असता तर मी कबूल झालो असतो, असं मी स्वतःला कैकदा सांगितलं आहे. पण कॉम्प्युटरशी ती वाद घालणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तो शब्द वापरला. शिक्षण मला मिळालं, लातूरचं घर मला मिळालं, आबांचे शेवटचे दिवस माझ्या घरात गेले. तिला हे एवढं एक मिळत होतं आणि तेही मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांचं अंग पुसत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "अक्कीकडनं काही आलं का? डाव मांडून राहिले म्हणाली होती."

"न्हाई."

"येईल," म्हणाले आणि भिंतीकडं वळले. तीन आठवड्यांनी गेले.

तेरावा झाल्यावर मी लॅपटॉप काढला आणि तिची मांडणी भरली. क्षणभरात उत्तर आलं. एकच. ते मला आधीच माहीत होतं, तरी बघितलं. आपण खोटं बोललो नसू, अशी एक वेडी आशा असते.

त्यानंतर उदगीरला एका लग्नात मांडवात बसलो होतो. सोयऱ्यांपैकी कुणीतरी माझ्या छंदाचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्काच म्हणाली, "आमचा भैय्या डोकं चालवून कोडी करतो. मी बी एक केलतं. कॉम्प्युटरनं नापास केलं मला. दहावीच्या पुढं गेले न्हाई ते बरंच झालं म्हणा." सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या महिन्यात सांगायचंच म्हणून देगलूरला गेलो. पट कुठंय विचारलं तर म्हणाली, माळ्यावर टाकलाय, आता कोण खेळतंय. मग पोहे करता करता तिनंच विचारलं, "तुझा उंट जमला का रे?"

"न्हाई."

"जमंल. तू सोडणाऱ्यातला न्हाईस."

मी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि चारची बस धरली.

आबांना ते कोडं दाखवायचं राहिलं. ते आता माझ्या हातात नाही. अक्काचं देणं मात्र आहे. तिचं कोडं बरोबर होतं, उत्तर एकच होतं, आणि मी जाणूनबुजून खोटं बोललो, हे तिच्यासमोर बसून तिला सांगायचं आहे. हे छापून तिच्या हातात पडायच्या आधी सांगायचं आहे. आज हे लिहितोय तोवर तरी मी ते सांगितलेलं नाही.