एका फटक्यात गेलेली बातमी

खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळात औरंगाबादच्या एका दैनिकात आम्ही दोघे एकाच दिवशी उमेदवारीला लागलो. मी शहरातला, वकिलाचा मुलगा. तो सोयगावच्या शेतकऱ्याचा. आमचे साहेब, म्हणजे मुख्य उपसंपादक, उर्दूतून शिकलेले, पोलीस ॲक्शननंतर मराठीत आलेले. प्रत्येक बातमी त्यांच्या हाताखालून जाई.

माझ्या बातमीवर ते एक-दोन लाल रेघा मारत आणि लगेच कंपोजला पाठवत. त्याची परत येई.

"मियाँ, कांद्याचा भाव पडला म्हणतोस. पण तो आणणारा कोण? रात्री झोपला कुठं? जा, विचारून ये."

तो पुन्हा वैजापूरच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात जाई. आधी मला त्याची कीव वाटली. मग त्याच्या बातम्या पहिल्या पानावर येऊ लागल्या. माझ्या मात्र आतल्या पानांवरच राहिल्या. त्याला बसणाऱ्या प्रत्येक बोलण्याचा मला हेवा वाटू लागला.

एकदा मी मुद्दाम हर्सूलचा तलाव शहराच्या दक्षिणेला लिहिला. साहेबांनी मान वर न करता 'दक्षिणेला' खोडून 'उत्तरेला' केले आणि कागद शिपायाकडे दिला.

"साहेब, माझी कधी परत देत नाही?"

"तुझं भागतंय की."

सुट्टीच्या दिवशी मी एसटीने वैजापूर गाठले. त्याला विचारले जाणारे सगळे प्रश्न मोंढ्यात विचारले. भाव न पटल्याने आडत्याच्या ओट्यावर, स्वतःच्याच पोत्यांना टेकून रात्र काढलेली एक म्हातारी भेटली. तिची बातमी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप केली आणि नाव न घालता साहेबांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढला.

"ए सोयगाव, इकडं ये. आज जमलं तुला. पण म्हातारी घरी जाऊन काय सांगणार, ते नाय आलं. उद्या पुन्हा जा."

"माझी नाय ती, साहेब."

"माझी आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "असं? ठीक आहे." चष्मा लावला, एक ओळ खोडली आणि कागद शिपायाकडे दिला.

शेजारी येऊन बसत तो म्हणाला, "गड्या, तू लई नशीबवान. तुझी आजबी एका फटक्यात गेली."