वैशाखऱ्याचा गोलकीपर आणि तोडलेला बांध

गोलकीपरला टोमणा मारणं सोपं असतं. तो उलटा धावून अंगावर येत नाही.

याच ब्लॉगवर मी लिहिलं होतं की देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये एक गोलकीपर सहा मोसम राखीव बाकावर बसून आहे, तेव्हा तो बाक आता सातबाऱ्यावर त्याच्या नावे चढवावा. तुम्ही हसलात. खाली एक प्रतिक्रिया मात्र वेगळी होती. "ताई, तो मीच. हरेश, वैशाखरे, तालुका मुरबाड. सातबाऱ्याला हसू नका, आमच्याकडं त्याच्यापायी डोकी फुटतात. एकदा या बघायला."

मी हादरलेच. एवढा मोठा देश, आणि ज्याची चेष्टा केली तो निघाला माझ्या कल्याणपासून एका एसटीच्या अंतरावर.

"माफी मागायला चाललीयस की आणखी एक लेख आणायला?" नवऱ्याने विचारलं.

"तिथे जे मिळेल ते."

मे महिन्याचे शेवटचे दिवस. लीगचा नवा मोसम आधी दिवाळीपूर्वी सुरू होणार होता, मग नाताळनंतर, मग होळीच्या सुमारास. आता जूनच्या सुरुवातीला, नक्की, असं सांगत होते. आमच्या सोसायटीची लिफ्टही अशीच नक्की सुरू होत असते.

कल्याणहून मुरबाडमार्गे थेट एसटी आहे. शहाण्यांनी तीच धरावी. मी आसनगावमार्गे गेले, कारण हरेशने फोनवर एक काम सांगितलं होतं. आसनगावला तो सरावाला गेला होता तेव्हा शहापुरात ग्लोव्ह्ज शिवायला टाकले होते, तेवढे आणायचे. सकाळची उलट्या दिशेची लोकल, खिडकीची जागा, स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा, आणि नऊच्या आत शहापूर. बाजारात गरम वडे खाऊन घ्या, पुढे खाण्याचे वांधे आहेत.

ग्लोव्ह्ज होते एका चांभारकाकांकडे. चपलांच्या ढिगात, चामड्याची ठिगळं लावलेले. वरच्या लीगमधल्या खेळाडूचे हातमोजे! मी उलटेसुलटे करून बघत राहिले.

"नवीन नाही घेत का हो तो?"

"नवीन क्लब देतो, पन मोसम सुरू झाल्यावर," काका म्हणाले. "सुरू झाला पायजे ना! आनि बाई, यंदा तो बाकावर नाय. पयला गोलकीपर गेला दुसऱ्या टीमला. क्लबच्या साहेबांचा फोन आला ह्याला, का यंदा तूच. चौतीस वर्साचा झाला बिचारा."

चौतीस. गोलकीपर असला तरी पुढच्या मोसमाला कोणी बोलावेल याची खात्री नाही. म्हणजे हा एकच मोसम, आणि त्याचाच पत्ता नाही. बाकावरचा माझा विनोद पिशवीतल्या ग्लोव्ह्जसारखाच घामट वाटायला लागला.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव. रस्ता बरा आहे, पण एसटीचं वेळापत्रक लीगकडूनच घेतलेलं असावं. एक तास हाताशी ठेवा. सरळगावला गाडी बदलायची, माळशेज घाटाकडे जाणारी धरायची. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, टोपी घ्या. टोकावड्याच्या पुढे डोंगर एकदम अंगावर येतात आणि भाताची उघडी खाचरं उन्हात भाकरीसारखी करपलेली दिसतात.

त्यातल्याच एका खाचरात मला तो दिसला. उंच, काटक, अंगभर पेंढ्याच्या काड्या. बांबूच्या गोलपोस्टसमोर पेंढा जाड अंथरलेला, आणि हा त्यावर डावी-उजवीकडे झेपावत होता. समोरून पेनल्टी मारत होता साठीचा एक माणूस, अनवाणी, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. चेंडू कोपऱ्यात असा गेला की मी जागच्या जागी "आई गं!" म्हणाले.

"माझा काका, काशिनाथ," हरेश म्हणाला. "गोलच्या मागं चेंडू आनतो तो बाप, बाळाराम."

मी दोघांना नमस्कार केला. बाळारामबाबांनी चेंडू उचलला आणि हरेशला म्हणाले, "त्याला सांग, पाय वाकडा लागते त्याचा."

हरेश वळला. "काका, पाय वाकडा लागते म्हनतान."

"त्याला सांग, गोल झाला ना? मग!"

दोघांत वीस पावलांचं अंतर.

"बोलत नाहीत?" मी हळूच विचारलं.

"पंधरा वर्सं. बांधावरून. ह्यो आपल्या पायाखाली बांध व्हता. इकडं बाबाचं खाचर, तिकडं काकाचं. साहेबांचा फोन आला तवा मी म्हनलो सरावाला जागा नाय. सकाळी उठतो तर दोगं दोन टोकांनी बांध खोदतान."

मी खाली पाहिलं. खरंच, बांधाची खूणसुद्धा नव्हती. वाचकहो, तुमच्या घरात जमिनीचा तंटा असेल तर मला काय वाटलं ते कळेल. आमच्याकडे दोन मामा हातभर ओट्यासाठी एकमेकांच्या मयताला गेले नाहीत. आणि इथे दोन भावांनी बांध सपाट केला होता, तोही न बोलता!

"बांध तोडला," हरेशची आई घरात भाकरी वाढताना म्हणाली, "अबोला नाय तोडला. पुरुस ते पुरुस." तिचं आणि जावेचं बोलणं कधीच बंद पडलं नव्हतं, कामापुढे रुसायला फुरसत कुणाला? तांदळाची भाकरी, वालाची आमटी, सुक्या जवळ्याची चटणी. पैसे विचारू नका, रागावतात. येताना फळं घेऊन जा.

जेवणानंतर हरेशने बॅग दाखवली. भरून तयार. सोमवारी शिबिराला निघायचं. तो गेला की लगेच बांध घालायचा, मृगाच्या आत. सगळं बसवलेलं होतं.

गावात रेंज पाण्याच्या टाकीपाशी मिळते. चारच्या सुमाराला हरेश तिकडे गेला आणि परत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच. खाचरात दोघे म्हातारे पेंढा गोळा करत होते.

"फुडं गेला मोसम," तो म्हणाला. "पावसाळ्यानंतर बघू, म्हनले."

"बघू?" मी ओरडलेच. "बघू म्हणजे काय? तारीख?"

"तारीख नाय."

हरेश पेंढ्यावर बसला आणि ग्लोव्ह्जची ठिगळं चाचपत राहिला. मग काशिनाथकाका फावडं घेऊन आले. मला वाटलं, संपलं. बांध होणार, मैदान जाणार, आणि हा पावसाळाभर कुठे झेपावणार?

काका शेताच्या मधोमध उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चार पावलं सरकले. परत आले.

"त्याला विचार," ते हरेशला म्हणाले, "बांध कुठून व्हता?"

बाळारामबाबांनीही इकडेतिकडे पाहिलं. "त्याला विचार, हद्दीचे दगड कुठं टाकलान?"

हरेशने मान वर केली नाही. नुसतं बोट दाखवलं. हद्दीचे दोन्ही दगड गोलपोस्टच्या बुडाशी, बांबू हलू नये म्हणून ठोकून बसवलेले! खूण न ठेवता बांध काढणारे शेतकरी मी जन्मात पाहिले नव्हते. आता हद्द कुणालाच ठाऊक नाही. फावडं एकाच्या हातात होतं.

काकांनी ते जमिनीत रोवलं.

"बाळ्या," ते म्हणाले. थेट. हरेशची मान झटकन वर आली. "यंदा एकच खाचर ऱ्हाऊ दे. सपाटी सारखीच हाय, पानी थांबंल."

बाळारामबाबांनी पोस्टकडे पाहिलं. "भात?"

"निम्मा निम्मा."

"आनि पोरगा?"

"लावनीपत्तुर पेंढ्यात, मंग कडंच्या चिखलात. कापनी झाली का मैदान तय्यार."

"तुझा पाय वाकडाच लागते पन," बाळारामबाबा म्हणाले.

पंधरा वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं धड वाक्य हे!

"तू मार मग," काकांनी चेंडू त्यांच्याकडे ढकलला. हरेश उठला, ग्लोव्ह्ज चढवले आणि पोस्टमध्ये जाऊन उभा राहिला. सोमवारची बॅग घरात तशीच होती.

मी साडेपाचची मुरबाडकडची गाडी पकडली. ती चुकवू नका.

घरी येऊन बाकाची ती पोस्ट उडवायला बसले, पण उडवली नाही. खाली हरेशची प्रतिक्रिया आहे, ती राहायला हवी. फक्त माझं उत्तर जोडलं: "आले, पाहिलं, चुकले." पुढच्या मोसमाची तारीख अजून नाही. हरेश पस्तीस वर्षांचा होईल तेव्हा क्लब त्याला पहिला धरेल का, ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. रोज सकाळी चिखलात झेपावतो, म्हणतो.

काल त्याने फोटो पाठवला. लावणी झालीय. बांधाशिवायचं एकच मोठं हिरवं खाचर, आणि एका टोकाला, घोटाभर पाण्यात, बांबूचा गोलपोस्ट उभा.

मी विचारलं, "अरे, तो काढला का नाहीत?"

"दगड निघतान मग त्याच्याबरोबर," हरेशने लिहिलं. "निघाले का कुठं ठेवाचे ते ठरवाला लागल. बाबा आनि काका दोगंबी म्हनले, ऱ्हाऊ दे."