मागच्या विभागातली डॉक्टरीण

नेरच्या साधनाला पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षात प्रात्यक्षिकासाठी डुकरांचा फार्म मिळाला. तिचे वडील धर्मपाल एसटीत कंडक्टर. पोरगी 'मोठ्या जनावरांच्या ट्रेनिंगला' गेल्याचं त्यांनी साऱ्या डेपोत सांगितलं. जनावर मोठं होतं, यात खोटं काहीच नव्हतं.

फार्म बाभुळगावजवळ सदाशिवरावांच्या मळ्यात होता. सदाशिवराव तालुक्यातले वजनदार गृहस्थ. कार्यक्रमात खुर्ची कमी पडली तर दुसऱ्याला उठवून त्यांना बसवत. मळ्याच्या फाटकावर दोन गायी रंगवलेल्या, आत तशाच दोन गायी बांधलेल्या, रोज साबणानं धुतलेल्या. त्यांच्या मागे बांबूचं दाट कुंपण, आणि कुंपणामागे दीडशे पांढरी डुकरं.

"काकाजी, डुकरं कुठी आहेत?" साधनानं पहिल्याच दिवशी फाटकातून विचारलं.

सदाशिवरावांनी आधी रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहिलं. "हळू बोल ना बाई! मागचा विभाग म्हन."

मागचा विभाग गडी खेमसिंगच्या ताब्यात होता. म्हणजे डुकरांच्या ताब्यात होता आणि खेमसिंग त्यात राहत होता. त्यानं साधनाला स्वतःचे गमबूट दिले. पिल्लांना लोहाचं इंजेक्शन द्यायचं होतं. साधनानं पहिलं पिल्लू उचललं आणि त्यानं अशी बोंब ठोकली, की शेजारच्या खोलीतली त्याची आई लोखंडी दारावर येऊन आदळली. साधना दचकली, घसरली आणि घाणीत बसली.

"मॅडम, पहिल्या दिवशी सगळेच बसतात," खेमसिंग म्हणाला. "मी तं रोज बसतो."

कुंपणाबाहेरून, नाकाला रुमाल लावून, सदाशिवराव मार्गदर्शन करत होते. "घाबरू नको! मुकं जनावर प्रेमाचं भुकेलं असते!"

"मग या ना काकाजी आत. थोडं धरा."

"आलो असतो. पन माहा गुडघा..."

संध्याकाळच्या बसमध्ये साधनाशेजारची सीट रिकामीच राही. कितीही गर्दी असो. सुरुवातीला तिला लाज वाटली. मग ती खिडकीला टेकून पाय पसरून झोपू लागली. दुसऱ्या आठवड्यात मागच्या पायाला धरून पिल्लू उचलणं तिला एका हातानं जमायला लागलं आणि आपल्याला इथं चक्क मजा येते आहे, हे तिनं कोणालाच सांगितलं नाही.

तेवढ्यात तालुक्यातल्या एका मंडळानं 'आदर्श गोपालक' पुरस्कारासाठी सदाशिवरावांचं नाव काढलं. पाहणीला तीन जणांची समिती येणार होती आणि रामराव तिचे अध्यक्ष होते. "मागच्यायले सकाळीच पोटभर टाक, म्हनजे झोपतीन," असं सदाशिवरावांनी खेमसिंगला बजावलं. मग त्यालाच पांढरी टोपी घालून पाहुण्यांना पोहे द्यायला उभं केलं. त्यामुळे मागच्यांना कोणीच काही टाकलं नाही.

समिती गायींसमोर बसली. रामरावांनी एका गायीच्या डोळ्यांचं कौतुक केलं आणि मागून दीडशे उपाशी गळे एकदम सुटले.

"हे काय ओरडून राह्यलं?"

"थ्रेशर हाये शेजाऱ्याचं," सदाशिवराव म्हणाले. "तेलपानी करत नाई तो."

कुंपणामागे साधनाला वेगळीच चिंता होती. एक डुकरीण पहाटेपासून कळा देत होती आणि एकही पिल्लू बाहेर येत नव्हतं. कॉलेजच्या सरांनी फोनवर सांगितलं, हात घालून बघ. तिनं हातमोज्याला तेल लावून हात घातला. दोन पिल्लं एकदमच वाटेत अडकली होती. खोलीत अंधार, उजेड धरायला माणूस नाही. ती तशीच, कोपरापर्यंत माखलेल्या हातानं, कुंपणातून समितीपुढे आली.

"खेमसिंगभाऊ, टॉर्च घेऊन चला. डुकरीण अडली हाये!"

पोह्यांचे चमचे थांबले.

"पोट्टी गाईले लाडानं डुकरीण म्हनते," सदाशिवराव म्हणाले.

रामराव उठले. त्यांनी बाह्या वर केल्या. "चाल बाई. टॉर्च मी धरतो."

साधनानं एक पिल्लू हळूच मागं ढकललं, दुसऱ्याचे पाय बोटात धरले आणि कळेसरशी ओढलं. मग बाकीची आपोआप येत गेली. शेवटचं निपचित होतं. तिनं त्याच्या तोंडातला चिकटा काढला, पोत्यानं खसाखसा अंग चोळलं, आणि ते किंचाळलं. साधनाला रडूच आलं. तिनं बाहीला नाक पुसलं आणि लगेच पस्तावली.

ती नळावर हात धूत असताना रामराव जवळ सरकले. "मॅडम, पिल्लायले पांढरी हगवन लागली तं काय द्याव?"

"कोनाच्या पिल्लायले?"

"साळ्याच्या. म्हनजे नाव साळ्याचं हाये."

ते गेल्यावर समितीतले दुसरे गृहस्थ आले. त्यांचा फार्म मेहुणीच्या नावावर होता. तिसऱ्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही, फक्त डुकरिणीच्या खुराकाबद्दल विचारलं.

पुरस्कार अर्थातच मिळाला. सदाशिवरावांनी गोसेवेवर लांबलचक भाषण केलं आणि रामरावांनी डोळे मिटून मान डोलावली. मग 'गोसेविका' म्हणून साधनाला नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

"काकाजींच्या मळ्यात परवा डुकरीण व्यायली," साधना माइकवर म्हणाली. "अकरा पिल्लं झाली. सगळी जगली."

मंडपातल्या साऱ्या माना सदाशिवरावांकडे वळल्या. सदाशिवराव शालीत खाली खाली सरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर मोटारसायकलींची रांग लागली होती. गायींकडे कोणी पाहिलंही नाही. साऱ्यांना पिल्लं पाहायची होती. तेव्हा सदाशिवराव पहिल्यांदाच कुंपणाच्या आत आले, ताठ मानेनं, आणि लोकांना माहिती देऊ लागले.

"डुकरीण वर्षातून एकदाच वेते," त्यांनी ठणकावून सांगितलं.

"दोनदा, काकाजी," साधना पिल्लाचा कान तपासत म्हणाली.

"मंग मी काय म्हनून राह्यलो!" सदाशिवराव गरजले आणि पुढच्या खोलीकडे वळले.