इलियास मणेरचं धुकं

आष्ट्याच्या पेठेत इलियास मणेरचं दुकान होतं. दुकान खरं बांगड्यांचं, बापजाद्यांपासूनचं. पुढच्या निम्म्या भागात त्याची बायको जैनब बायाबापड्यांच्या हातात काकणं भरायची आणि मागच्या निम्म्या भागात इलियास फोटो काढायचा. मधे जुन्या लुगड्याचा आडपडदा. त्यामुळे एखादी बाई काकणं भरायला म्हणून यायची आणि हात भरले की जैनब सहज म्हणायची, "आता एवढं नटलायसाच, तर एक फोटू बी काढून घ्या की." असा तो जोडधंदा चालला होता.

इलियासनं ही विद्या सांगलीच्या एका स्टुडिओत चार वर्षं फोटोच्या काचा धुऊन मिळवली होती. माणूस बोलका. "हसू नगा" असं तो मुद्दाम दरडावून सांगायचा आणि समोरचा फिस्सकन हसला की बटण दाबायचा. त्याच्या फोटोतली माणसं म्हणून जिवंत वाटायची. वाईट होता तो मागचा पडदा. बैलगाड्या रंगवणाऱ्या चुलतभावाकडून त्यानं तो रंगवून घेतला होता. त्यावर बर्फाचा डोंगर, डोंगराखाली तळं आणि तळ्यात बदक म्हणून काढलेला, पण कोंबड्यावर गेलेला एक पक्षी. आष्ट्यातली निम्मी लग्नं त्या बर्फाखाली घाम पुसत उभी राहिली होती.

इलियासला तो पडदा मनातून आवडत नसे. एकदा उन्हाळ्यात कुणाच्या तरी लग्नाला म्हणून तो वाईला गेला होता आणि तिथनं परतताना लांबवर सह्याद्रीच्या रांगा एकामागं एक फिकट होत गेलेल्या त्यानं बघितल्या होत्या. तेव्हापासून खरा डोंगर फोटोत धरायचा हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. पण बांगड्यांचं दुकान टाकून डोंगर बघायला जायचं, तर लोक म्हणणार काय? निमित्त पाहिजे होतं. ते चौसष्ट साली चालून आलं.

गावात हिंदुराव म्हणून एक बडं प्रस्थ होतं. हळदीचं आणि उसाचं रान, घरात वीस-बावीस माणसं, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी मान हलवावी आणि मग विचार करावा. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचा मुलगा लालासाहेब फौजेत होता. त्याचं लग्न त्या वर्षी वैशाखात झालं आणि अंगाची हळद उतरायच्या आत पलटणीतनं तार आली. पोरगा तसाच निघून गेला. तो परत आला भादव्यात, वीस दिवसांच्या रजेवर. पण घर असं भरलेलं, की नवऱ्यानं बायकोशी एक शब्द बोलायचा म्हटलं तर मधे दोन चुलत्या, तीन आत्या आणि पडवीत रवंथ करणारी एक म्हैस. आठ दिवस गेले तरी नवरीचा, म्हणजे शालनचा, आवाज कसा आहे हे लालासाहेबाला धड कळलं नव्हतं.

तो एक दिवस इलियासच्या दुकानात येऊन बसला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग खाली बघत म्हणाला, "इलियासभाई, हिला घिऊन चार दिस कुठंतरी जाऊन यावं म्हंतो. पर आबांस्नी कसं इचारू?"

"तू नगं इचारू," इलियास म्हणाला. "मी इचारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आबांच्या सोप्यावर हजर. तोंड पाडून म्हणाला, "आबा, लालाचा लग्नातला फोटू मी परत बगितला. लय वंगाळ आलाय."

"तूच काढलाईस की रं!"

"माजीच चूक. मागं खोटा डोंगुर लावला. आवं, फौजी गडी त्यो. त्येच्या मागं खरा डोंगुर पायजे. महाबळेश्वराला नेऊन काढाय पायजे."

महाबळेश्वराचं नाव निघताच आबा सावरून बसले. गेली दहा वर्षं ते गावात सांगत आले होते की महाबळेश्वर आपण बघितलंय. खरं म्हणजे ते वाईच्या पुढं कधी गेले नव्हते. फोटो घरात आले तर निदान कसं दिसतं ते कळेल, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांनी मिशीवर बोट फिरवलं.

"जावा. पर ध्यानात ठेव. समदे पाइंट आले पायजेत, एक बी सुटता कामा नये. आन जैनबला संगं घे. पोरीच्या जातीला बाईमाणूस पायजे बरुबर."

जैनब मिरजेच्या उरुसापलीकडं कुठं गेली नव्हती. तिनं रात्रीतनं वीसभर भाकऱ्या, खर्डा आणि सुकं बांधलं. एसटीनं कऱ्हाड, सातारा, वाई करत चौघं निघाली. पसरणीच्या घाटात गाडी चढायला लागली तशी जैनब समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून "या अल्ला" म्हणत होती आणि शालन पहिल्यांदाच हसली. लालासाहेबानं ते हसणं चोरून बघितलं, आणि इलियासनं त्याला बघताना बघितलं.

पाचगणीच्या वर गेल्यावर मात्र इलियासचं तोंड उतरलं. बाहेर काहीच नव्हतं. झाड नाही, दरी नाही, डोंगर नाही. कापूस पिंजून भरल्यासारखं सगळं पांढरं. महाबळेश्वरात उतरले तर पाऊस नुकता सरत आलेला. पावसाच्या माऱ्यासाठी घरांना लावलेल्या गवताच्या झडपा अजून काढलेल्या नव्हत्या, बाजारपेठ अर्धी बंद, आणि हात लांब केला तर बोटं धुरकट दिसावीत असं धुकं.

"उद्या फाकंल," इलियास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फाकलं नाही. पाइंट दाखवायला त्यांनी धोंडीबा नावाचा एक म्हातारा गडी बरोबर घेतला होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. तो त्यांना एका कड्यावर घेऊन गेला, लोखंडी कठड्याशी उभं केलं आणि काठी पुढं करून सांगायला लागला, "ह्यो केट्स पाइंट. खाली किस्नामाईचं खोरं. समोर कमळगड. दिसतंय का?"

"न्हाई," इलियास म्हणाला.

"पर हाय," धोंडीबा म्हणाला आणि पुढच्या पाइंटाकडं चालायला लागला.

असे पाच पाइंट झाले. प्रत्येक ठिकाणी धोंडीबा डोंगरांची नावं घ्यायचा, दऱ्यांची खोली सांगायचा, कुठल्या साली कुठली दरड कोसळली तेही सांगायचा, आणि समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नसायचं. इलियासजवळ फिल्मचे दोन रोळ होते. त्या वर्षांत फिल्म मिळायची मारामार, सांगलीला चार खेपा घातल्या तेव्हा ते दोन रोळ हाती लागले होते. एकाचे आठ फोटो, दोन्हीचे सोळा. त्यानं एकही फोटो काढला नाही. काचेवर दंव साचायचं, ते जैनबच्या पदरानं पुसायचं, कॅमेरा स्टँडवर चढवायचा, वाट बघायची, आणि परत उतरवायचा.

"आबा मला उभा चिरतील," तो जैनबला म्हणाला.

"आदी भाकर खावा," जैनब म्हणाली. "भुकेल्या माणसाला तसंबी काय दिसत न्हाई."

दोघं एका झाडाखाली भाकरी फडक्यातून सोडून बसली. धोंडीबालाही दिली. लाला आणि शालन जरा पुढं गेले होते. भाकरी संपली, पाणी पिऊन झालं, तरी ती दोघं परतली नाहीत. इलियास उठला. वीस पावलांवर काही दिसत नव्हतं, आणि पुढं कडा होता. कॅमेरा गळ्यात, तसाच तो "लाला! ए लाला!" करत धावला. मागून जैनब, तिच्यामागून काठी टेकत धोंडीबा.

उत्तर आलं नाही, पण आवाज आला. बाईमाणसाचा आवाज, भरभर बोलणारा. इलियास थबकला. तेवढ्यात वारा आला आणि धुकं पडदा सरकावा तसं थोडं सरकलं. कठड्याच्या अलीकडं एका शिळेवर दोघं बसली होती. शालन हातवारे करून काहीतरी सांगत होती. घरात मान वर न करणारी ती पोरगी चार महिन्यांचं साचलेलं सगळं एका दमात सांगत होती, म्हशीची नक्कल करत होती. लाला गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होता आणि हसत होता. त्यांच्या मागं खाली सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातनं एका डोंगराची नुसती धार वर आलेली, तिच्यामागं दुसरी, आणखी फिकट.

इलियासनं हाक मारली नाही. त्यानं स्टँड लावलं नाही, "हसू नगा" म्हटलं नाही. श्वास धरून त्यानं एक फोटो काढला, मग दुसरा. धुकं मिटत होतं, उघडत होतं. आठच्या आठ फोटो झाले, हे त्याला चावी फिरेनाशी झाली तेव्हा कळलं.

दुसरा रोळ त्यानं पुढच्या दोन दिवसांत संपवला, आणि सगळा धुक्यावरच. धुक्यात उभी झाडं, धुक्यात विरघळणारी वाट, घोंगडं पांघरून चाललेला पाठमोरा धोंडीबा. एखादं पोर जत्रेत मोकळं सुटावं तसा तो भिरभिरत होता.

आष्ट्याला आल्यावर मात्र आबांचे पाइंट आठवले आणि त्याची नशा उतरली. स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी ठोकून, दिव्याला लाल कागद लावून दोघं फोटो धुवायला बसली. थाळा हलवायचं काम जैनबचं, तिचा हात इलियासपेक्षा संथ. औषधात कागद बुडाला, बराच वेळ कोरा राहिला, आणि मग हळूच दोन डोकी वर आली, मग डोंगराची धार.

"धुक्यातनं येत्यात तशीच आली की वो," जैनब हळू आवाजात म्हणाली.

फोटो घेऊन इलियास आबांकडं गेला. आबांनी चष्मा लावला. एकेक फोटो उजेडात धरला, उलटा करून बघितला, परत सुलटा केला.

"ह्यात महाबळेश्वर कुठं हाय?"

"हाय आबा, पर धुक्याच्या मागं."

"आरं, मग एवढ्या लांब कशाला गेलास? चुन्याची भित आष्ट्यात न्हवती व्हय?"

सोप्यावरची माणसं खदखदून हसली. इलियासला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात आतून मुक्ताबाई, आबांची बायको, पदराला हात पुसत आल्या. त्यांनी फोटो घेतला. डोंगर, पाइंट यातलं त्यांनी काही विचारलं नाही. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"आवं, लाला कसा हसतोय बगा," त्या म्हणाल्या. "बारका असताना असा हसायचा."

आबांनी फोटो परत मागून घेतला. या वेळी उलटा केला नाही.

लालासाहेब एक फोटो खिशात घालून पलटणीत गेला. दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं, ते आबांनी इलियासला बोलावून वाचून घेतलं. बराकीत त्या फोटोवरनं भांडणं लागली होती. एकजण म्हणाला ही जागा काश्मीर, दुसरा म्हणाला दार्जिलिंग. लालानं सातारा जिल्हा सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना. शेवटी साताऱ्याकडच्याच चार गड्यांनी इलियासच्या दुकानाचा पत्ता मागून घेतला होता.

पुढच्या साली लढाई झाली. त्या दिवसांत आबांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. लाला सुखरूप परतला, तेव्हा आबांनी सबंध पेठेला साखर वाटली. आणि त्यानंतर खरोखरच एकेक फौजी आष्ट्याला उतरायला लागला. कुणी कोरेगावचा, कुणी तासगावचा. रजा घेतलेली, बायको मागं पदर सावरत उभी. "धुक्यातला फोटू काढनारं मणेर हितंच का?" इलियास आणि जैनब वर्षातनं तीन-चार खेपा डोंगरात करायला लागली. कधी पाटणच्या वरच्या अंगाला, कधी मेढ्याच्या घाटात. जैनब आता घाटात सीटचा दांडा धरत नव्हती. नव्या जोडप्यांना धुक्यात जरा लांब पाठवून द्यायचं आणि आपण भाकरी सोडून बसायचं, ही युक्ती तिचीच.

सहासष्टच्या थंडीत आबा स्वतः दुकानात आले. म्हणाले, "आमाला बी न्हे. मुक्ताबाई म्हंत्या, लालाचा हाय, मग आमचा का न्हाई."

तर या खेपेला आभाळ आरशासारखं लख्ख. तीन दिवस धुक्याचा मागमूस नाही. कमळगड, रायरेश्वर, खालचं खोरं, घरन्‌घर दिसत होतं. इलियासनं आयुष्यात पहिल्यांदा सगळे पाइंट बघितले. आबा मात्र काठी आपटत फिरत होते. "डोंगुर काय, आमच्या गावाकडं मल्लिकार्जुनाच्या देवळाला बी हाय. धुकं कुठाय?" मुक्ताबाईंनी तेवढ्यात मधाच्या तीन बाटल्या घेतल्या आणि माळावर बसून उन्हात केस वाळवले. त्यांचं सगळं मनासारखं झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सगळी परत निघाली. पाचगणी सोडून गाडी पसरणीच्या घाटात आली आणि ड्रायव्हरनंच करकचून ब्रेक लावला. खाली वाईचं सबंध खोरं धुक्यानं काठोकाठ भरलं होतं, सायीसारखं, आणि त्यावर नुकतं ऊन पडत होतं. पांडवगडाचा माथा तेवढा वर.

"पाच मिनिटं थांबतो," ड्रायव्हर म्हणाला. "घाई असंल त्यानं बसून ऱ्हावं."

कुणीच बसून राहिलं नाही. इलियासनं आबा-मुक्ताबाईंना कठड्यावर बसवलं, तर आबांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. मुक्ताबाईंनी तो झटकला नाही, नुसतं "लोकं बगत्यात" म्हणाल्या. तो फोटो झाला आणि कंडक्टर पुढं आला, तिकिटाची पेटी पोटाशी धरून. मग भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका, मग एक मास्तर, मग सबंध गाडी. ड्रायव्हर टोपी नीट करून मधोमध उभा राहिला. फिल्मचा एकच फोटो उरला होता.

इलियास कॅमेऱ्यामागं वाकला तर जैनबनं त्याला हातानं बाजूला सारलं. "तुमी बी जावा तितं. एवढी वर्सं बगतीया, मला काय येत न्हाई व्हय?"

तो जाऊन आबांच्या शेजारी उभा राहिला. जैनबनं सगळ्यांवरनं नजर फिरवली आणि दरडावून म्हणाली, "हसू नगा!"

चाळीस माणसांचे पत्ते कंडक्टरनं तिकिटांच्या पाठीवर लिहून घेतले. पुढचा महिनाभर मणेरांच्या स्वयंपाकघरात दोरीवर तेच फोटो वाळत होते, आणि जैनब प्रत्येक पाकीट डिंकानं स्वतः चिकटवत होती.