खांदा देणारे भाऊ

आमच्या आमदारांना सगळे भाऊ म्हणतात. माझ्या आईने मला एक भाऊ दिलाय आणि तेवढा पुरे आहे. पण माणसाबद्दल लिहायचं तर काहीतरी म्हणावं लागतं, म्हणून भाऊ.

भाऊ मूळचे मंडपवाले, खुर्च्या भाड्याने द्यायचे. कुणाच्या घरी माणूस गेला की खुर्च्यांबरोबर स्वतःही जायचे, खांदा द्यायचे, घरच्यांच्या आधी रडायचे. त्या खांद्यावर ते नगरसेवक झाले, मग तीनदा आमदार. रस्ता केला नाही, शाळा उघडली नाही, पण अंत्ययात्रा एक चुकवली नाही. कोण अंथरुणाला खिळलंय हे कळवायला गल्लीगल्लीत एकेक माणूस ठेवलेला. त्यांच्या कार्यालयात याला जनसंपर्क म्हणतात.

सरकारी दवाखान्याचं उद्घाटनही त्यांचंच. कोनशिला चकचकीत आणि ऑक्सिजनच्या खोलीत कंपाउंडरची स्कूटर. डॉक्टर मनात आलं तर उगवतो.

माझे दाजी लाकडाला पॉलिश करतात. जन्मभर तो उग्र वास छातीत भरून घेतलेला. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. दवाखान्याला कुलूप. शहरातल्या इस्पितळात न्यायला मी गाडी शोधत वणवण फिरत होतो. इकडे ताईने घाबरून एकदा हंबरडा फोडला, तो ऐकून गल्लीतल्या खबऱ्याने फोन लावला.

मी हात हलवत परतलो तर दारात भाऊंची गाडी. भाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मागे पुष्पचक्र घेतलेला कार्यकर्ता, त्याच्या मागे फोटोवाला.

"ताई, मोठा आधार गेला," भाऊ म्हणाले. रुमाल डोळ्यांना लावलेला.

आत दाजी खोकले.

कार्यकर्त्याने पुष्पचक्र पाठीमागे लपवलं. ते त्याच्यापेक्षा रुंद होतं.

"अजून आहेत?" भाऊंनी खबऱ्याला हळूच विचारलं. विचारण्यात आनंद नव्हता, खोळंबा झाल्याची चिडचिड होती.

"आहेत," ताई म्हणाली. "तुमची गाडी द्या."

"ताई, मला पुढे अजून एका ठिकाणी जायचंय. अँब्युलन्स पाठवतो ना."

"तिथला गेलाय ना? मग तो थांबेल. हे नाही थांबणार."

भाऊ घड्याळ बघायला लागले. माझ्या तोंडात शिवी आली होती, तेवढ्यात त्यांचाच ड्रायव्हर उतरून सरळ आत गेला, दाजींच्या काखेत हात घातले आणि मला म्हणाला, "दादा, पाय धरा." साहेबांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हा कुठे भाऊंचं डोकं चाललं. धावत येऊन त्यांनी दाजींच्या पाठीखाली एक हात सरकवला आणि मान फोटोवाल्याकडे वळवली.

दाजी वाचले. घरी आणलं तर गल्लीच्या तोंडाशी भलामोठा फलक: स्वतःची गाडी देऊन प्राण वाचवणारा लोकनेता. ड्रायव्हरला मात्र कामावरून काढलं होतं. दवाखान्याचं कुलूप जागेवर.

मी फलक फाडायला निघालो, तर दाजी उशीला टेकून म्हणाले, "राहू दे रे. काही म्हण, माणूस आला तरी होता."

"अहो, तुम्हाला पोचवायला आला होता," ताई म्हणाली.

"पण आला ना. बाकीचे तर तेवढ्यालाही येत नाहीत."

ताईने औषधाचा चमचा त्यांच्या तोंडात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा. शिडी शेजारच्यांकडे मिळेल."