मावससासूबाई आणि थरथरणारा लेथ

लग्नानंतर बायकोच्या मावशीला भेटायला गेलो, तेव्हा मावशी दिसायच्या आधी जाणवल्या. गल्लीच्या तोंडाशीच पायाखालची फरशी थरथरायला लागली. चार पावलं पुढे गेलो तर खिशातली नाणी वाजू लागली. समोरच्या भिंतीवरचं मांजर चारही पायांनी भिंत गच्च धरून बसलं होतं. भूकंपच झाला असं समजून मी बायकोला उघड्यावर ओढायला लागलो, तर ती शांतपणे म्हणाली, "मावशीचं काम सुरू झालेलं दिसतंय."

घड्याळजींच्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत मावशी उभ्या होत्या. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, केसांत भुसा, हातात हातभर लांब पटाशी आणि पुढ्यात लाकूड कातायचा म्हशीएवढा लोखंडी लेथ. एका बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यातून तो आणला होता. त्यावर एक ओबडधोबड ओंडका गरगरत होता आणि लेथ स्वतः इंचाइंचाने दाराकडे सरकत होता. जावयाच्या स्वागताला तोच पुढे येतोय, असं मला वाटलं.

मावशींनी बटण बंद केलं. "या जावईबापू, बसा!"

"कुठे?"

"लेथच्या पायांवर फळी टाकलीय ना, तिच्यावर. वजन कमी पडतंय त्याला."

फळीवर मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, आधीच बसलेले होते. हातात वर्तमानपत्र होतं, पण ते इतकं हलायचं की बिचाऱ्यांनी मोठ्या मथळ्यांपलीकडे वाचायचं सोडूनच दिलं होतं. त्यांनी सरकून मला जागा दिली. सासरच्या माणसांनी मला आपल्यात सामावून घेतलं ते असं.

मावशींनी उभा जन्म शाळेत शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बाया फिरायला जाऊ लागल्या, आणि मावशी म्हणाल्या, "सुईने भोकं पाडून कंटाळा आला. आता काहीतरी मोठं कोरीन." मोठं म्हणजे लाकडाचा वाडगा. त्यात नातवंडाला अंघोळ घालता आली असती, एवढा.

आम्ही फळीवर बूड टेकवतोय तोच घड्याळजी आत आले. एका डोळ्यावर भिंग तसंच होतं.

"बाई, पुरे झालं आता. गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा स्क्रू मी चिमट्यात धरतो, तुम्ही बटण दाबता, आणि स्क्रू मला चहात सापडतो."

"आणि माझ्यामुळे तुमची बंद घड्याळं चालू झाली, त्याचं काय?"

"दोन झाली," घड्याळजी प्रामाणिकपणे म्हणाले. "चालू होती त्यातली सात बंद पडली. हे बघा, रविवारपर्यंत ही थरथर थांबली नाही, तर खोली रिकामी करा."

मावशींचा चेहरा उतरला. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. लेथ तिथे चढला नसता, आणि चढला असता तर तीनही मजले घेऊन खाली आला असता. खोली गेली की लेथ भंगारात जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

मग मावशी कंबर कसून कामाला लागल्या. एक पाय जमिनीला टेकत नव्हता, त्याच्याखाली लाकडी पाचर ठोकली. आम्हाला उठवून फळीवर वाळूची पोती ठेवली. (काका जरा नाराज झाले. बऱ्याच वर्षांनी त्यांचा उपयोग होत होता.) लेथ फिरवणारा पट्टा पहिल्यापासून सर्वांत जास्त वेगाच्या पुलीवर होता, तो कमी वेगाच्या पुलीवर आणला. लेथ सरकायचा थांबला. पण थरथरत राहिला तो राहिलाच.

रविवार उजाडला. आमचा मुक्काम अजून मावशींकडेच होता. सकाळी काकांनी धुलाईयंत्रात एकच भलीमोठी गोधडी कोंबली. पाणी पिळायची वेळ आली आणि यंत्र धाडधाड आपटत न्हाणीघराबाहेर आलं.

"अहो!" मावशी ओरडल्या. "शंभरदा सांगितलंय, सगळा भार एका बाजूला टाकू नका! नाचणार नाही तर काय करेल ते?"

"अगं, पण मी..."

"बोलू नका!"

मावशी यंत्राकडे बघत राहिल्या आणि मग पायात घरातल्याच सपाता, तशाच खोलीकडे धावल्या. आम्ही मागोमाग.

ओंडक्याच्या एका बाजूला गाठीचा टेंगळासारखा फुगवटा होता, सगळा भार तिकडेच. तो करवतीने उडवून ओंडका आधी गोलसर करून घ्या, असं लाकूडवाल्याने बजावलं होतं. पण मावशी साबणाचा शेवटचा पापुद्रा नव्या वडीला चिकटवणाऱ्या. विकत घेतलेलं लाकूड कापून टाकायचं? ते त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी काळजावर दगड ठेवून करवत चालवली. एकेक ढलपी पडताना "अगंबाई, अगंबाई" चाललं होतं, आणि काका प्रत्येक ढलपी पिशवीत भरत होते. मग मावशींनी नव्याने मध्य काढला, ओंडका पुन्हा चढवला आणि घड्याळजींना हाक मारली.

घड्याळजींनी खिशातून तिळाएवढा स्क्रू काढला आणि चिमट्याने लेथच्या लोखंडावर डोक्यावर उभा केला. मावशींनी बटण दाबलं. ओंडका फिरू लागला. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले.

स्क्रू उभाच.

"पडत कसा नाही?" घड्याळजींनी भिंग लावून खाली वाकून पाहिलं. त्यांना जरा वाईटच वाटलेलं दिसलं. "ठीक आहे, बाई. राहू द्या खोली."

मावशींनी पोहण्याचा चष्मा कपाळावर सरकवला आणि काकांना आमच्यादेखत मिठी मारली. काका पिशवीसकट लाजले.

पुढच्या महिन्यापासून घड्याळजींनी भाडं वाढवलं.